संकेतस्थळ कोणासाठी?

कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने आपल्या संकेतस्थळाची पुनर्रचना करावयाचे ठरविले, की चर्चा सुरू होते ती रंगांची, छायाचित्रांची आणि बोधचिन्हाची. विश्वस्त कोण, कोणते खटले लढविले, कोणत्या परिषदा भरविल्या, हे दर्शनी पानावर कसे शोभेल याचा खल होतो. देणगीदारांसाठी हे आवश्यक असेलही. परंतु ज्याच्यासाठी संस्था उभी राहिली, त्या अडचणीतल्या माणसाला तेथे काय सापडणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच दिले आहे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या छळाविषयी पत्रकार शीला बारसे यांनी पाठविलेल्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने १९८३ मध्ये निर्णय दिला. अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क सांगणारी पत्रके मराठी, हिंदी व इंग्रजीत छापावीत, ती प्रत्येक कोठडीत लावावीत, आणि त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत ती वाचूनही दाखवावीत, असा तो आदेश होता. भाषा, जागा आणि वाचन या तीन कसोट्या आजच्या संकेतस्थळालाही तंतोतंत लागू पडतात.

प्रथम भाषा. मूळ मजकूर इंग्रजीत लिहून नंतर त्याचे मराठीकरण केले, की ‘अंतरिम अनुतोष’ यांसारखे शब्द वाचकाच्या माथी मारले जातात. संकटातला मनुष्य ‘घरातून हाकलले आहे’, ‘पगार थकला आहे’, ‘मुलाला पोलिसांनी नेले आहे’ असे म्हणत येतो. पानांची मांडणी याच वाक्यांवरून झाली पाहिजे. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही एक ओळ दर्शनी पानावर ठळकपणे छापली, तरी अनेकांचा हेलपाटा वाचेल.

दुसरी कसोटी जागेची. कोठडीच्या भिंतीची जागा आज मोबाइलने घेतली आहे, आणि तोही बहुधा स्वस्तातला असतो. जड चित्रांनी पान उघडण्यास विलंब लागला, तर त्याचा उपयोग संपला. संस्थेचा दूरध्वनी, पत्ता, भेटीची वेळ आणि राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक पहिल्याच दृष्टिक्षेपात दिसला पाहिजे.

तिसरी कसोटी वाचनाची. अंध वाचकाचा मोबाइल मजकूर वाचून दाखवू शकतो. कागदाचे नुसते छायाचित्र टाकले, तर बहुधा तो मुका होतो. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले. हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थांनी तरी ते आधी आचरणात आणावे.

न्यायालयापुढे तेव्हा नसलेली एक अडचण मात्र आज आहे. घरात मार खाणारी स्त्री ज्या मोबाइलवर माहिती शोधते, तो पुष्कळदा नवऱ्याच्याही हाती असतो. पान झटकन बंद करण्याची कळ तेथे हवीच. पण त्यामुळे पाहिलेल्या पानांची नोंद पुसली जात नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तक्रारीच्या अर्जात आवश्यक तेवढेच विचारावे आणि तो कोण वाचणार ते तेथेच लिहावे.

याहून दुर्लक्षित बाब देखभालीची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. पत्नीवरील क्रूरतेचे कलम ४९८-अ आता ८५ झाले. पोटगीचे कलम १२५ नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच दंड संहिता लागू आहे. म्हणून जुनी पाने सरसकट पुसूनही चालत नाही. प्रत्येक पानावर तपासणीची तारीख हवी, त्याला जबाबदार असा एक वकील हवा, आणि अंदाजपत्रकात दरवर्षीच्या देखभालीची तरतूद हवी. सारा पैसा उद्घाटनापूर्वीच संपविणे म्हणजे विहीर बांधून दोर विसरण्यासारखे आहे.

गरीब माणूस संकेतस्थळ पाहतोच कोठे, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी खोटा नाही. पण त्याच्या वतीने पाहणारा कोणीतरी असतो: गावातला शिक्षक, कचेरीतला कारकून, महाविद्यालयात जाणारी भाची. त्यांनी वाचून सांगितलेली माहिती चुकली, तर अपिलाची मुदत टळते आणि त्याची किंमत पक्षकार मोजतो. तेव्हा नव्या रचनेचा आराखडा विश्वस्तांच्या बैठकीत मंजूर होण्यापूर्वी कार्यालयाच्या बाकावर बसलेल्या पाच-सहा पक्षकारांच्या हाती द्यावा. आपला मार्ग त्यांना विनासायास सापडला, तरच तो मंजूर करावा. अन्यथा कितीही देखणा असला तरी तो परत पाठवावा.