उत्तरवयातील बास्केटबॉल आणि बलार्धाचा विचार

साठीच्या आसपासचा एखादा रुग्ण चिकित्सालयात येऊन "महाविद्यालयात बास्केटबॉल खेळत होतो, आता पुन्हा खेळू का?" असे विचारतो, तेव्हा आपणा वैद्यांचे पहिले उत्तर बहुधा नकाराचे असते. त्याला आधारही आहे. वाग्भटाचार्यांनी व्यायाम वर्ज्य सांगितलेल्यांमध्ये वातपित्तज व्याधींचे रुग्ण, बालक आणि अजीर्णी यांच्यासह वृद्धाचीही गणना केली आहे. परंतु हा निषेध नेमका कोणाला लागू होतो, हे पाहिल्यावाचून नकार देणे शास्त्राला धरून होणार नाही.

चरकाचार्य मध्यम वय ६० वर्षांपर्यंत मानतात, तर सुश्रुताचार्य ७० पर्यंत. मात्र चाळिशीनंतर धातूंची किंचित हानी होत जाते, असे ते सांगतात. शिवाय दशविध परीक्षेत वय आणि व्यायामशक्ती हे दोन स्वतंत्र परीक्ष्य भाव आहेत. केवळ वयावरून शक्ती ठरत असती, तर ही वेगळी परीक्षा सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते.

आता खेळाकडे पाहू. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे तरुण विद्यार्थ्यांसाठी हा खेळ योजला, तो हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून. व्यायामास शीतकाल व वसंत प्रशस्त मानणाऱ्या आपल्या ऋतुचर्येशी हे जुळणारे आहे. आपल्याकडे मात्र तो बहुधा उघड्यावर, सिमेंटच्या कठीण मैदानावर आणि ऐन वैशाखातही खेळला जातो.

या खेळातील सर्वच क्रिया सारख्या नव्हेत. चेंडू टप्पे देत नेणे, सहकाऱ्याकडे देणे आणि जागेवरून बास्केटमध्ये टाकणे यांत दृष्टी, हात व पाय यांचा मेळ साधतो, तोलही सुधारतो. उलट ३.०५ मीटर उंचीच्या कड्याकडे वारंवार उड्या मारणे, धावता धावता एकदम थांबणे व वळणे यांचा भार गुडघे, घोटे व टाचेमागील कंडरेवर पडतो. चरकाचार्यांनी वातप्रकोपाच्या हेतूंमध्ये लंघन, प्लवन व अतिव्यायाम यांचा उल्लेख केला आहे. येथील लंघन म्हणजे उपवास नव्हे, उडी होय. उत्तरवयात वायू स्वभावतःच प्रबळ असतो. म्हणून वर्ज्य करावयाचा तो खेळ नव्हे, त्यातील उड्या व चढाओढ होय. अर्ध्या मैदानावर तिघातिघांनी, मधूनमधून विश्रांती घेत खेळणे हा त्यातला सुकर मार्ग आहे.

मात्रा ठरविण्यास बलार्धाची लक्षणे पुरेशी स्पष्ट आहेत. कपाळ, नाक, काखा व सांधे यांच्या ठिकाणी घाम येणे, तोंडास कोरड पडणे आणि श्वास तोंडाने घ्यावा लागणे, येथे थांबावे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत नाडीची गती औषधानेच मंदावलेली असते, त्यामुळे गतीच्या आकड्यावर विसंबता येत नाही; तेथे श्वासाकडे अधिक लक्ष द्यावे. ग्रीष्म, वर्षा व शरद ऋतूंत मात्रा आणखी कमी करावी.

खेळण्यापूर्वी दहा मिनिटे सावकाश चालून सांधे मोकळे करावेत. नित्य अभ्यंगात गुडघे, पोटऱ्या व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे. भोजनानंतर लगेच खेळू नये. अनेक वर्षांच्या खंडानंतर येणाऱ्यास पहिले काही आठवडे केवळ चेंडू टाकण्याचाच सराव द्यावा.

मधुमेह, उच्च रक्तदाब वा हृद्रोगाचा इतिहास असल्यास आधी हृद्रोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. खेळताना छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात वेदना, भोवळ किंवा अकारण दम लागल्यास खेळ तत्काळ थांबवून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अशा वेळी घरगुती उपचारात वेळ दवडू नये, हे रुग्णास व त्याच्या कुटुंबीयांस आपण आधीच बजावून ठेवावे.

औषध देताना मात्रा, काल व अनुपान आपण लिहून देतो. व्यायामाचा सल्ला मात्र "जमेल तेवढे करा" एवढ्यावरच संपतो. यापुढे चिठ्ठीवर कोणत्या क्रिया कराव्यात, कोणत्या टाळाव्यात, किती वेळ खेळावे आणि कोणत्या लक्षणावर थांबावे, हेही आपण लिहावे.