नवा विद्यार्थी आणि धर्माचा रकाना

जनगणनेच्या कागदावर धर्माचा एक रकाना असतो. तो भरावयास एक शब्द पुरतो. परंतु अठरा वर्षांचे मूल घर सोडून विद्यापीठात पाऊल टाकते, तेव्हा त्या एका शब्दाचे पुढे काय होते, हा प्रश्न इतका सोपा नाही. 'मुले शिकली की नास्तिक होतात' ही वडीलधाऱ्यांची जुनी तक्रार आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती कितपत खरी, हे नुसत्या अंदाजाने ठरावयाचे नाही. अमेरिकेत या गोष्टीची मोजदाद झालेली आहे. तिचाच आधार आपण घेऊ.

त्या देशात १९६६ साली महाविद्यालयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांची पाहणी सुरू झाली. 'आपला कोणताच धर्म नाही' असे सांगणारे १९८६ साली शेकडा १० होते. २०१६ साली ते ३१ झाले. तक्रार खरी ठरली, असे कोणी लगेच म्हणेल. पण ही उत्तरे प्रवेशाच्या सुमारास घेतलेली असतात. प्राध्यापकांनी काही शिकविण्यापूर्वीच हा बदल झालेला असतो. तेव्हा त्याचे मूळ महाविद्यालयात नव्हे, तर घरात आणि समाजात शोधले पाहिजे.

मग महाविद्यालयात काय घडते? लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अलेक्झांडर ॲस्टिन, त्यांच्या पत्नी हेलन ॲस्टिन आणि जेनिफर लिंडहोम यांनी याचा शोध घेतला. २००४ साली २३६ संस्थांतील १,१२,२३२ नव्या विद्यार्थ्यांना त्यांनी प्रश्न विचारले, आणि त्यांपैकी १४,५२७ जणांना २००७ साली पुन्हा गाठले. प्रार्थनामंदिरात वारंवार जाणारे तीन वर्षांत शेकडा ४४ वरून २५ वर आले. मात्र 'जीवनात अध्यात्माला स्थान देणे मला फार महत्त्वाचे वाटते' असे म्हणणारे शेकडा ४२ वरून ५० वर गेले. पाय देवळाकडून वळले. मन मात्र वळले नाही.

यात विसंगती नाही. घरी असताना उपासना ही पुष्कळ अंशी घराची असते. आईचा उपास असला की स्वयंपाकघरातच दुसरे काही शिजत नाही. मूल त्यात आपोआप सामील होते. वसतिगृहात ती व्यवस्था नसते. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा मुलगा असतो आणि तो सहज विचारतो, 'तू हे का करतोस?' त्या 'का'ला उत्तर देताना वारशाने मिळालेले आणि स्वतःला पटलेले यांची निवड करावी लागते. काही जण धर्म सोडतात, काही अधिक घट्ट धरतात, काही बराच काळ अधांतरी राहतात.

खरी चिंतेची गोष्ट वेगळीच आहे. याच संशोधकांनी २००३ साली ४६ संस्थांतील तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी सांगितले की, जीवनाचा अर्थ आणि हेतू यांवर चर्चा करण्याची संधी प्राध्यापकांनी कधीच दिली नाही. भूक आहे आणि पान वाढलेले नाही, अशी ही स्थिती. ज्याला घरी धाक आणि वर्गात मौन मिळते, तो आपला प्रश्न घेऊन कोठे जाणार? जो मोठ्या आवाजात तयार उत्तर देईल त्याच्याकडे.

अमेरिकेतील आकडे आपल्या गावास जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तेथील समाज, तेथील धर्मसंस्था निराळ्या. परंतु त्यांतून एक विवेक आपण घेऊ शकतो. सुटीत घरी आलेल्या मुलाने पूजेला बसण्याचे टाळले, तर त्याची श्रद्धा मेली असे आपण समजू नये, आणि तो बसला म्हणजे सारे ठीक आहे असेही मानू नये. तो काय विचार करतो आहे, हे त्यालाच विचारावे, आणि उत्तर न आवडले तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.