रुमालाखालची शाळा

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार असतो. तिथे दोन माणसं एकमेकांना खेटून उभी राहतात, हातांवर टॉवेल नाहीतर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबू लागतात. चेहरे मख्ख. मध्येच एकजण हात झटकून निघाल्याचं सोंग करतो, दुसरा त्याला मागे ओढतो. भोवती दहाजण उभे असले तरी बैलाची बोली त्या दोघांपलीकडे कुणाला कळत नाही.

यातला एकजण हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल. बुधवारी लोणी, शुक्रवारी घोडेगाव, शनिवारी काष्टी असा त्याचा आठवडा. या तिन्ही गावांच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, बाजाराच्या तोंडी मात्र अजून नगरच. हेड्याची विद्या कुठे लिहिलेली नाही. पोरगा बापाच्या नाहीतर चुलत्याच्या मागे कासरा धरून हिंडतो आणि बघत बघत शिकतो.

आधी दात. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ बघायचे. सगळे दुधाचे असले तर 'आदत', मग दोनदाती, चारदाती, सहादाती. आठही आले की 'जुळला', म्हणजे साधारण पाच वर्षांचा. मग खूर, वशिंड, चाल आणि अंगावरचे भोवरे. भोवऱ्याचा जनावराच्या ताकदीशी काही संबंध नाही, पण किंमत पाडायची असली की खोटा भोवरा नेमका सापडतो!

मग बोटं. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. शेकड्यात की हजारात, हे बोलायचं नसतं. ते जनावर बघूनच ठरतं. गोंधळ्यांची करपल्लवी, म्हणजे हाताच्या खुणांची भाषा, याच कुळातली. आणि तोंड उघडावंच लागलं, तर व्यापारी-दलालांची नंदभाषा होती: केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. हे शब्द आता जुन्या कोशांत भेटतात.

पण दात आणि बोटं कुणालाही शिकता येतील. अवघड आहे ते मन वळवणं. विकणाऱ्याला हेडी म्हणतो, "दादा, चारा नाही, पाणी नाही. माघारी नेऊन बांधणार कुठं? टेम्पोचं भाडं परत अंगावर." घेणाऱ्याला म्हणतो, "पाव्हणं, असा खोंड पुन्हा दावणीला यायचा नाही." गंमत अशी, की बहुतेक वेळा दोन्ही बोलणी खरी असतात. हेडी खोटं फार बोलत नाही. कुणाला कुठलं खरं सांगायचं, एवढंच तो निवडतो.

रुमाल लाजही राखतो. नडीपायी बैल कितीला सोडला, हे भावकीला कळत नाही. म्हणून या रीतीला नुसती लबाडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण विकणाऱ्याचा हात वेगळा दाबला जातो, घेणाऱ्याचा वेगळा, आणि दोन्ही आकडे एकट्या हेड्याला ठाऊक असतात. त्याच्या वाणीचं निम्मं बळ तिथे आहे.

शेतमालाच्या बाजारात हीच रीत 'हत्ता' म्हणून बदनाम झाली. 1928 मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, महाराष्ट्रात 1963 चा बाजार समिती कायदा आला, आणि शेतमालाचे लिलाव उघड्यावर होऊ लागले. जनावराच्या बाजारात रुमाल टिकला. कांद्याच्या वक्कलावर, म्हणजे ढिगावर, बोली लावता येते. बैल मात्र प्रत्येक वेगळा, त्याचा भाव कुठल्या फळ्यावर लिहिणार?

या शाळेला धक्के दुसरीकडून बसले. 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि थकलेल्या बैलाचं गिऱ्हाईक आटलं. 2022 मध्ये जनावरांच्या लम्पी रोगामुळे बाजारच बंद ठेवावे लागले. त्यात जनावराचा व्हिडिओ आता फोनवर फिरतो, भावासकट.

तरी काष्टीला गेलात आणि एखादा खोंड मनात भरला, तर विसार देण्याआधी हेड्याला जरा बाजूला थांबवा आणि विकणाऱ्याला तोंडाने विचारा: मामा, तुमच्या हातात किती पडणार?