सुटे जिने व रॅम्प : भाड्याचा वर्ग आणि बांधणी

जनावरें किंवा लहान ट्रॅक्टर मोटारींत चढविण्यास सुटा रॅम्प, आणि वखारींतील थप्पीवर चढण्यास सुटा जिना, हीं मोठ्या उपयोगाचीं साधनें होत. तीं दूरच्या कारखान्यांतून मागवितांना आपण किंमतीची घासाघीस करतों. परंतु भाडें कशावर आकारलें जाईल आणि वाटेंत मोडतोड झाल्यास नुकसान कोणाच्या माथीं बसेल, याची चौकशी मात्र क्वचितच करतों.

वाहतुकींत केवळ वजन विकलें जात नाहीं, जागाही विकली जाते. सुटा कापूस गाडी भरून टाकतो, पण वजन भरत नाहीं. तोच दाबून गांठ बांधली कीं थोड्या जागेंत मावतो. रॅम्पची गोष्ट अशीच आहे.

अमेरिकेंत अनेकांचा थोडथोडा माल एकाच मोटारींतून नेणाऱ्या धंद्यांत मालाचे १८ वर्ग ठरलेले आहेत. सर्वांत खालचा वर्ग ५० व सर्वांत वरचा ५००. वर्ग जितका चढा, तितका वजनामागें दर अधिक. वर्ग ठरवितांना घनता, रचण्याची सोय, हाताळणी व नुकसानीची जबाबदारी या चार गोष्टी पाहतात. जुलै २०२५ पासून तेथें घनतेस अधिकच महत्त्व आलें आहे. घनतेवर वर्ग ठरणाऱ्या मालांत घनफुटास ८ ते १० पौंड भरल्यास वर्ग १००, आणि १ ते २ पौंड भरल्यास वर्ग ३०० लागतो. समजा, ९० पौंडांचा रॅम्प घडी घालून ८ फूट लांब, अडीच फूट रुंद व अर्धा फूट जाड अशा पेटींत बसविला. जागा १० घनफूट, घनता ९ पौंड. तोच कठडे उभे ठेवून पाठविला व उंची ३ फूट झाली, तर जागा ६० घनफूट व घनता अवघी दीड पौंड. वस्तु तीच, वजन तेंच. वर्ग मात्र १०० वरून ३०० वर गेला.

आपल्याकडील हुंडेकरी हे वर्ग लावीत नाहींत. तथापि अडलेल्या जागेचा हिशेब त्यांसही करावाच लागतो. म्हणून कठडे व चाकें काढून घडी पक्की बांधावी. बोल्ट पिशवींत घालून सांगाड्यासच जखडावे. कोपऱ्यांस जाड पुठ्ठा किंवा गोणपाट गुंडाळावें व खालीं लांकडी पट्ट्या द्याव्या. अॅल्युमिनियमचा पत्रा वांकतो, म्हणून ‘वर जड माल ठेवूं नये’ असें ठळक लिहावें. मापें बांधणीनंतर बाहेरून घ्यावीं.

आतां जोखमीविषयीं. सन २००७ चा रस्ते-वाहतुकीचा कायदा व त्याखालील २०११ चे नियम यांप्रमाणें वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दसपटीपुरतीच असते. ६०० रुपये भाड्यावर ४०,००० रुपयांचा रॅम्प निकामी झाला, तर भरपाईची मर्यादा ६,००० रुपये. अधिक जोखमीचा दर देण्याचें माल पाठविणाऱ्यानें स्पष्ट कबूल केलें असेल, तरच ही मर्यादा सुटते. फॉर्वर्डिंग नोट कारखानदार भरतो. तेव्हां खरी किंमत व जोखमीचा दर तींत लिहिण्याविषयीं त्यास आधींच कळवावें. माल घेतांना बांधणी फाटलेली किंवा वांकलेली दिसल्यास पावतीवर तसा शेरा लिहूनच सही करावी. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत पोंचली पाहिजे. ती न दिल्यास दावा चालत नाहीं.

सारांश, मागणीपत्रांत चार गोष्टी विचाराव्या : बांधणीनंतरचीं मापें, वजन, भाड्याची रीत आणि जोखीम कोणाची. उत्तर लेखी येईपर्यंत पैसे धाडूं नयेत, असें आमचें आमच्या शेतकरी बंधूंस सांगणें आहे.