परकीय चलन व्यवहार : नवशिक्यांसाठी मूलभूत संकल्पना, जोखीम आणि कायदेशीर मर्यादा

सारांश

परकीय चलनाच्या खरेदी-विक्रीतून अल्पकाळात नफा मिळविता येतो, अशा आशयाच्या जाहिराती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत आणि नोकरदार वर्गापर्यंत मोठ्या प्रमाणावर पोहोचत आहेत. या व्यवहाराची भाषा, त्यातील हिशेब व त्यास लागू असलेला भारतीय कायदा यांची प्राथमिक माहिती मात्र फारच थोड्यांना असते. प्रस्तुत लेखात चलनदराची मांडणी, वायदा करार, मार्जिन व त्यातून वाढणारी जोखीम या संकल्पना सोप्या उदाहरणांनी स्पष्ट केल्या असून भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला कोणते व्यवहार करता येतात व कोणते करता येत नाहीत, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : विनिमय दर, चलन वायदा, मार्जिन, जोखीम-संरक्षण, सट्टा, फेमा.

१. प्रस्तावना

एका देशाचे चलन देऊन दुसऱ्या देशाचे चलन घेणे, हा परकीय चलन व्यवहाराचा साधा अर्थ होय. आयात-निर्यात, परदेशी शिक्षण, पर्यटन, कर्जफेड आणि गुंतवणूक या सर्वांच्या मुळाशी हाच व्यवहार असतो. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या संस्थेच्या त्रैवार्षिक पाहणीनुसार एप्रिल २०२५ मध्ये जगातील परकीय चलन बाजारातील दैनंदिन सरासरी उलाढाल सुमारे ९.६ लाख कोटी डॉलर इतकी होती आणि जवळजवळ ८९ टक्के व्यवहारांत एका बाजूस अमेरिकन डॉलर होता. हा बाजार प्रामुख्याने बँका व मोठ्या वित्तसंस्था यांचा असून त्यास शेअर बाजाराप्रमाणे एकच मध्यवर्ती ठिकाण नाही.

आजचा बदलता विनिमय दर तुलनेने अलीकडचा आहे. १९४४ च्या ब्रेटन वूड्स करारानंतर बहुतेक चलनांचे दर डॉलरशी आणि डॉलरचा दर सोन्याशी निगडित होते. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरची सुवर्ण-परिवर्तनीयता थांबविली व १९७३ पासून प्रमुख चलनांचे दर तरते झाले. भारतात ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन करण्यात आले. मार्च १९९२ मध्ये दुहेरी विनिमय दराची पद्धत आली आणि मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजारात ठरू लागला. दर बदलू लागला, तेव्हाच दरातील बदलाची जोखीम आणि त्या जोखमीचा व्यवहारही सुरू झाला.

२. चलनदर कसा वाचावा?

चलनाचा भाव नेहमी जोडीने सांगितला जातो. ‘डॉलर-रुपया ८४.२०००’ याचा अर्थ एका डॉलरची किंमत ८४ रुपये २० पैसे, असा होतो. यात पहिले चलन, म्हणजे डॉलर, हे आधार चलन आणि दुसरे चलन, म्हणजे रुपया, हे दर चलन होय. हा आकडा वाढला तर डॉलर महागला व रुपया घसरला, असे समजावे. नवशिक्या व्यक्तीची पहिली चूक येथेच होते. आलेखातील रेषा वर गेलेली पाहून रुपया वधारला, असा उलट अर्थ काढला जातो.

बाजारात एकाच वेळी दोन भाव असतात. समजा, खरेदीचा भाव ८४.२००० आणि विक्रीचा भाव ८४.२०५० आहे. ग्राहकास डॉलर घ्यावयाचा असल्यास तो अधिक भावाने मिळतो आणि विकावयाचा असल्यास कमी भावाने विकावा लागतो. या दोहोंतील अंतर हा व्यवहाराचा खर्चच होय. दर जराही न हलता ग्राहकाने लगेच उलट व्यवहार केला, तरी त्यास तेवढी तूट सोसावी लागते. वारंवार व्यवहार करणाऱ्याच्या भांडवलातून हा खर्च आणि दलाली हळूहळू वजा होत राहते. दरातील सर्वांत लहान प्रचलित बदलास आंतरराष्ट्रीय बाजारात ‘पिप’ म्हणतात. युरो-डॉलर जोडीत तो ०.०००१ इतका असतो व एक लाख युरोच्या व्यवहारात त्याचे मूल्य दहा डॉलर होते.

३. तत्काळ दर आणि वायदा दर

आज ठरलेल्या भावाने साधारणतः दोन कामकाजाच्या दिवसांत चलनाची देवघेव पूर्ण होते, त्यास तत्काळ व्यवहार म्हणतात. भविष्यातील तारखेसाठी आजच भाव निश्चित केल्यास तो वायदा व्यवहार ठरतो. वायद्याचा भाव हे भविष्याचे भाकीत असते, हा समज बरोबर नाही. तो मुख्यतः दोन देशांतील व्याजदरांच्या फरकावरून ठरतो.

समजा, डॉलरचा तत्काळ दर ८० रुपये असून भारतात वार्षिक व्याजदर ६.५ टक्के व अमेरिकेत ४.५ टक्के आहे. ८० रुपये भारतात ठेवल्यास वर्षअखेर ८५.२० रुपये होतील. तेच पैसे एका डॉलरमध्ये रूपांतरित करून अमेरिकेत ठेवल्यास १.०४५ डॉलर होतील. दोन्ही मार्ग समान फळ देणारे असावयाचे, तर वर्षानंतरचा वायदा दर ८५.२० भागिले १.०४५, म्हणजे सुमारे ८१.५३ रुपये असला पाहिजे. यावरून वायद्यातील डॉलर तत्काळ डॉलरपेक्षा महाग का दिसतो, हे स्पष्ट होते. ‘डॉलर वर्षभरात दीड रुपयाने वाढणारच, म्हणून आज वायदा घ्यावा’ हा युक्तिवाद कसा फसवा आहे, हेही कळते. ती वाढ वायद्याच्या किमतीत आधीच धरलेली असते.

४. भारतातील चलन वायदा बाजार

नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर २९ ऑगस्ट २००८ रोजी डॉलर-रुपया वायद्यांचे व्यवहार सुरू झाले. २०१० मध्ये युरो, पौंड व येन यांचे रुपयाबरोबरचे वायदे आणि त्याच वर्षी डॉलर-रुपया पर्याय करारही आले. डॉलर-रुपया वायद्याचा एक करार १००० डॉलरचा असतो व भावातील किमान बदल ०.००२५ रुपये, म्हणजे पाव पैसा असतो. अर्थात भाव पाव पैशाने हलल्यास एका करारामागे अडीच रुपयांचा फरक पडतो. या करारात डॉलर प्रत्यक्ष हाती येत नाहीत. संदर्भ दराच्या आधारे फरकाची रक्कम रुपयांत चुकती केली जाते. हा संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक काढीत असे. जुलै २०१८ पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेकडे आहे.

या बाजाराचा मूळ हेतू एका उदाहरणावरून समजून घेता येईल. नाशिक जिल्ह्यातील एका द्राक्ष निर्यातदारास तीन महिन्यांनी १०,००० डॉलर मिळावयाचे आहेत, असे मानू. त्याने ८४.५० रुपये भावाने दहा करार विकले. मुदतीच्या दिवशी डॉलर ८३ रुपयांवर आला, तर प्रत्यक्ष डॉलरचे ८,३०,००० रुपये व वायद्यातील नफा १५,००० रुपये, मिळून ८,४५,००० रुपये हाती येतील. डॉलर ८६ रुपयांवर गेला, तर डॉलरचे ८,६०,००० रुपये येतील व वायद्यात १५,००० रुपयांचा तोटा होईल. एकूण रक्कम पुन्हा ८,४५,००० रुपयेच राहील. खर्च वगळता, दर कोठेही गेला तरी उत्पन्न निश्चित झाले. यालाच जोखीम-संरक्षण म्हणतात. ज्याला डॉलर येणे अथवा देणे काहीच नाही, अशा व्यक्तीने हेच दहा करार विकले, तर पंधरा हजारांचा नफा किंवा तोटा एवढेच शिल्लक उरते. करार तोच असला, तरी निर्यातदाराची अनिश्चितता त्यामुळे संपते आणि या दुसऱ्या व्यक्तीच्या वाट्याला ती नव्याने येते. शिवाय वायद्यात एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटा असतो, त्यामुळे दलाली व कर वजा जाता सर्व सहभागींची एकत्रित बेरीज उणेच येते.

५. मार्जिन आणि तोट्याचे गणित

वायद्यासाठी कराराची पूर्ण रक्कम भरावी लागत नाही. तिचा लहानसा अंश सुरक्षा ठेव म्हणून ठेवावा लागतो, त्यास मार्जिन म्हणतात. ८४ रुपये भावाने एका कराराचे मूल्य ८४,००० रुपये होते. मार्जिन ३ टक्के धरल्यास २,५२० रुपयांत हा व्यवहार करता येतो. मात्र भाव एक टक्का, म्हणजे ८४ पैसे विरुद्ध गेला, तर ८४० रुपयांचा तोटा होतो व ठेवीचा एक-तृतीयांश भाग संपतो. हा फरक दररोज हिशेबात धरला जातो आणि कमी पडलेली रक्कम त्वरित भरावी लागते. ती न भरल्यास दलाल करार बंद करतो. पुढे दर अनुकूल झाला, तरी त्याचा उपयोग नसतो.

परदेशी संकेतस्थळांवर भांडवलाच्या शंभर पट किंवा त्याहून मोठे व्यवहार करू देण्याचे आमिष दाखविले जाते. शंभर पटीत केवळ एक टक्क्याच्या प्रतिकूल बदलाने संपूर्ण भांडवल नष्ट होते. युरोपीय नियामकाने २०१८ मध्ये प्रमुख चलनजोड्यांसाठी ही मर्यादा तीस पटींवर आणली. त्या वेळी त्याने नमूद केले होते की, फरक-करारांत किरकोळ ग्राहकांपैकी ७४ ते ८९ टक्के खात्यांत तोटा होतो. तोटा भरून काढण्याचे गणितही विषम असते. भांडवलाचा ५० टक्के ऱ्हास झाल्यास पूर्वस्थितीस येण्यासाठी उरलेल्या रकमेवर १०० टक्के नफा मिळवावा लागतो.

ठरावीक भावाला तोटा थांबविण्याची सूचना, म्हणजे ‘स्टॉप लॉस’, हा उपाय उपयुक्त असला तरी निर्णायक नाही. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोस किमान १.२० फ्रँक हा दर राखला होता. १५ जानेवारी २०१५ रोजी तिने ही मर्यादा अचानक उठविली आणि काही मिनिटांतच युरो १ फ्रँकच्याही खाली गेला. मधल्या भावांना घेणारेच नसल्याने अनेकांच्या सूचना ठरविलेल्या भावापासून फार दूर अमलात आल्या, काही ग्राहकांची खाती उणे झाली व काही दलाली संस्थाही बुडाल्या. शांत दिसणारा दर सुरक्षित असतोच असे नाही, हा या घटनेचा धडा होय.

६. कायदेशीर चौकट

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, अर्थात फेमा, १ जून २००० पासून अमलात आहे. त्यानुसार भारतात निवासी व्यक्तीला परकीय चलनाचे व्यवहार अधिकृत व्यक्तींमार्फत व अनुमत कारणांसाठीच करता येतात. इलेक्ट्रॉनिक व्यवहार रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या मंचावर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारातच करावे लागतात. उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रतिवर्षी २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येत असली, तरी परदेशी बाजारातील मार्जिन भरण्यासाठी किंवा परदेशात चलनाचा व्यापार करण्यासाठी ती पाठविता येत नाही. फेमाच्या उल्लंघनाबद्दल गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ रोजी अनधिकृत मंचांची सावधानता यादी प्रथम प्रसिद्ध केली. तीत ३४ नावे होती व पुढे ती वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणून एखादा मंच अधिकृत ठरत नाही, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. अशा मंचांवर अनेकदा मंचचालक हाच ग्राहकाच्या व्यवहाराची दुसरी बाजू असतो. ग्राहकाचा तोटा हाच त्याचा नफा असतो आणि पैसे अडकल्यास दाद मागण्याचा मार्ग जवळजवळ उरत नाही.

मान्यताप्राप्त शेअर बाजारातही सट्ट्यासाठी मुक्त प्रवेश आहे, असे मानणे चूक ठरेल. रिझर्व्ह बँकेच्या ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने, ज्याची अंमलबजावणी ३ मे २०२४ पासून झाली, ही बाब निःसंदिग्ध केली आहे. रुपयाचा समावेश असलेल्या करारांत १० कोटी डॉलरपर्यंतच्या व्यवहारास कागदोपत्री पुरावा सादर करावा लागत नाही. तथापि प्रत्यक्ष चलन-जोखीम अस्तित्वात असणे बंधनकारक आहे. पुरावा मागितला जात नाही, याचा अर्थ अट नाही असा होत नाही. ज्यांना शिक्षण, प्रवास वा व्यापारासाठी खरोखरच डॉलर हवे आहेत, अशा लहान ग्राहकांसाठी क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा ‘एफएक्स-रिटेल’ हा मंच ऑगस्ट २०१९ पासून उपलब्ध असून तो बँकेमार्फत वापरता येतो.

७. अध्यापनातील उपयोग

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापकांना हा विषय पैसा न गुंतविता शिकविता येतो. विद्यार्थ्यांनी महिनाभर दररोजचा संदर्भ दर वहीत नोंदवावा आणि एक करार काल्पनिकरीत्या घेऊन मार्जिन, दैनिक फरक व खर्च यांचा ताळेबंद ठेवावा. व्यवहार करण्यापूर्वी त्यामागील कारण लिहून ठेवण्याची अट घालावी. महिनाअखेर किती अंदाज बरोबर आले यापेक्षा, अंदाज चुकला तेव्हा किती भांडवल गेले, यावर चर्चा व्हावी. दुसऱ्या गटास निर्यातदाराची भूमिका देऊन त्याच दरांवर जोखीम-संरक्षणाचा हिशेब करावयास सांगितल्यास दोन्ही हेतूंतील भेद व्याख्यानापेक्षा अधिक स्पष्ट होईल. अन्य शाखांच्या अध्यापकांनाही, एखादा विद्यार्थी अशा जाहिरातीविषयी विचारू लागल्यास, तीन प्रश्न पुढे ठेवता येतील. हा मंच रिझर्व्ह बँकेने मान्य केलेला आहे काय? पैसे नेमके कोणाच्या खात्यात जात आहेत? आणि व्यवहार करणाऱ्यास परकीय चलनाचे खरेच काही देणे-घेणे आहे काय?

८. निष्कर्ष

परकीय चलन बाजार हा अभ्यासाचा महत्त्वाचा विषय असून आयातदार, निर्यातदार व परदेशी शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांस त्याचे ज्ञान आवश्यक आहे. दर कसा वाचावा, वायदा कसा ठरतो आणि मार्जिनमुळे तोटा किती पटींनी वाढतो, एवढे समजले तरी बहुतेक आमिषांचा फोलपणा लक्षात येतो. भारतीय कायद्याने हा बाजार चलन-जोखीम असणाऱ्यांच्या संरक्षणासाठी खुला ठेवला आहे. ज्यांना अशी जोखीम नाही, त्यांच्यासाठी या विषयाचा उपयोग ज्ञानापुरता आहे. खाते उघडण्याचा आग्रह धरणाऱ्यास नकार देण्याइतके ते ज्ञान पक्के व्हावे, हेच त्याचे प्राथमिक फलित मानावे लागेल.