उत्क्रांतीचा पाठ आणि वर्गातील आक्षेप : एक मागोवा

विज्ञानाच्या वर्गात उत्क्रांतीचा पाठ आला की दोन प्रकारचे प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न श्रद्धेचा असतो : हजरत आदम अलैहिस्सलाम यांच्या निर्मितीबद्दल आपण जे मानतो त्याचे काय? दुसऱ्या प्रकारचे प्रश्न वरवर श्रद्धेचे दिसतात, परंतु ती वास्तविक प्राणिशास्त्राविषयीची विधाने असतात. मधल्या अवस्थेचे जीवाश्म कोठेच सापडत नाहीत, लाखो वर्षांपूर्वीचे प्राणी आजच्यासारखेच होते, उत्क्रांती ही ‘नुसती थिअरी’ आहे, इत्यादी. अध्यापकाने या दोहोंची गल्लत केली की तास अवघडतो आणि मग पाठ घाईने उरकला जातो. दुसऱ्या प्रकारचे आक्षेप आले कोठून, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बहुतांशी ते आपल्या दीनी ग्रंथांतून आलेले नाहीत; ते अमेरिकेतून तुर्कस्तानमार्गे आले आहेत.

अरबी जगात डार्विनवरून पहिला मोठा वाद झाला तो एका ख्रिस्ती महाविद्यालयात, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बैरूत येथे अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी चालविलेल्या महाविद्यालयात (आजचे अमेरिकन विद्यापीठ) १८८२ साली एडविन लुईस या प्राध्यापकाने पदवीदान समारंभात डार्विनचा आदराने उल्लेख केला. त्याला नोकरी सोडावी लागली आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या बाजूने आंदोलन केले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी त्रिपोलीचे आलिम हुसैन अल्-जिस्र यांनी ‘अर्-रिसाला अल्-हमीदिया’ हा ग्रंथ लिहिला. उत्क्रांती सिद्ध झाली आहे असे त्यांना वाटत नव्हते. परंतु निर्णायक पुरावा मिळाला तर संबंधित आयतींचा अर्थ त्या प्रकाशात लावता येईल, हा मार्ग त्यांनी मोकळा ठेवला. अशी भूमिका घेणाऱ्या ग्रंथाचा सुलतान अब्दुल हमीद यांच्या दरबारी गौरव झाला, हेही ध्यानात घ्यावे.

याच सुमारास आपल्या हैदराबादेत जमालुद्दीन अफगाणी यांचे वास्तव्य होते. सर सय्यद अहमद खान यांच्या अनुयायांवर टीका करण्यासाठी त्यांनी फारसीत एक पुस्तिका लिहिली व ती १८८१ साली हैदराबादेतच प्रसिद्ध झाली. टीकेचे लक्ष्य होते ‘नेचरी’ मत. डार्विन ओघात आला. डार्विनचे मूळ लेखन वाचल्याची खूण तीत दिसत नाही. हे खरे मानले तर शतकांनंतर डासाचा हत्ती होईल, अशी थट्टा आहे. मात्र एक मुद्दा थट्टेपलीकडचा आहे. कुत्र्यांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापल्या तर शेवटी बिनशेपटीची पिल्ले जन्मतात, असे मत अफगाणींनी डार्विनच्या नावावर सांगितले आणि विचारले : अरब व यहुदी लोकांत हजारो वर्षे सुंता होत आली आहे, मग त्यांची मुले जन्मतःच तशी का नसतात?

हा प्रश्न वर्गात जरूर मांडावा, कारण तो उत्तम प्रश्न आहे. शरीराला बाहेरून झालेला बदल संततीत उतरत नाही, हेच त्यातून निघते. स्वतः डार्विनने अशा वारशाला काही प्रमाणात जागा ठेवली होती. पुढे जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान याने याच प्रश्नावर प्रयोग केला. पाच पिढ्यांतील उंदरांच्या शेपट्या त्याने कापल्या. त्यांना झालेल्या ९०१ पिल्लांपैकी एकही बिनशेपटीचे निघाले नाही. म्हणजे अफगाणींचा आक्षेप संपादित गुणांच्या वारशाला लागू पडतो. नैसर्गिक निवडीला तो लागू पडत नाही, कारण निवड होते ती जन्मजात भेदांची. एवढा फरक विद्यार्थ्याला कळला तर अर्धा पाठ झाला असे मी समजतो. डासाचा हत्ती हीदेखील उत्क्रांतीची कल्पना नव्हे. समान पूर्वजापासून फुटलेल्या फांद्या ही तिची कल्पना आहे. माकडे अजून का आहेत, याचे उत्तरही तेच.

आता ज्या आक्षेपांची आज चलती आहे त्यांच्याकडे वळू. हेन्री मॉरिस या अमेरिकन जलशास्त्र-अभियंत्याने १९६१ साली एका सहलेखकासह नूहच्या प्रलयावर पुस्तक लिहिले आणि १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात सृष्टिनिर्मिती-संशोधनाची संस्था उभारली. पृथ्वीचे वय काही हजार वर्षे, निर्मिती चोवीस तासांच्या सहा दिवसांत, खडकांचे थर एकाच प्रलयाने साचलेले, ही तिची भूमिका बायबलच्या शब्दशः वाचनावर आधारलेली होती. तुर्कस्तानात १९८० च्या लष्करी उठावानंतर शिक्षणमंत्री वेहबी दिन्चेर्लेर यांच्या काळात, १९८५ च्या सुमारास, मंत्रालयाने या संस्थेशी संपर्क साधला. तिच्या साहित्याचे तुर्की अनुवाद झाले आणि जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत निर्मितीवाद आला. पुढे ‘हारून यह्या’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या अदनान ओक्तार याच्या मंडळींनी हीच सामग्री इस्लामी वेष्टनात जगभर वाटली. पृथ्वीच्या अल्प वयाचा आग्रह तेवढा सोडला, कारण कुरआनात पृथ्वीचे वय दिलेलेच नाही. जीवाश्मांबद्दलचे युक्तिवाद मात्र ओळखू येण्याइतके तेच राहिले.

त्याचा सचित्र ‘निर्मितीचा ॲटलस’ २००७ मध्ये युरोपातील शाळांना फुकट पाठविला गेला आणि त्याच वर्षी युरोप परिषदेच्या संसदीय सभेने विज्ञानाच्या तासात निर्मितीवाद शिकविण्याविरुद्ध ठराव केला. ग्रंथाची पद्धत सोपी आहे : एका बाजूला जीवाश्म, दुसऱ्या बाजूला आजचा प्राणी, आणि निष्कर्ष असा की बदल झालाच नाही. त्यातील एका ‘कीटका’च्या चित्रात मासेमारीचा गळ स्पष्ट दिसतो, ते गळाला लावायचे कृत्रिम आमिष होते. (ओक्तारला पुढे तुर्कस्तानच्या न्यायालयाने अन्य गुन्ह्यांसाठी प्रदीर्घ शिक्षा दिली. युक्तिवाद चुकीचा ठरतो तो त्यामुळे नव्हे, आणि वर्गात ते कारण देऊही नये.)

या युक्तिवादाला उत्तर आपल्या उपखंडाच्या मातीतच आहे. पाकिस्तानात सापडलेल्या ‘पाकिसेटस’ या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे वर्णन १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्याला चार पाय होते, पण कानाच्या हाडाची ठेवण देवमाशाची होती. काश्मीरमधील कालाकोटच्या खडकांतून मिळालेल्या ‘इंडोहायस’ या हरणासारख्या लहान प्राण्यातही तीच ठेवण आढळली. हे संशोधन २००७ चे. कच्छमध्ये चार पायांच्या पाणवासी देवमाशांचे जीवाश्म मिळाले असून त्यांतील एकाचे नाव ‘कच्छिसेटस’ असे आहे. बडोद्याकडील अध्यापकांना तर हे उदाहरण घरचेच.

याउलट, डार्विनच्या हजार वर्षे आधी अल्-जाहिजने सर्व सांगून ठेवले होते, असा दावाही आपल्यात ऐकू येतो. मला तो तितकाच गैरसोयीचा वाटतो. ‘किताब अल्-हयवान’मधील प्राण्यांचे निरीक्षण विलक्षण आहे, आणि इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’त खनिज, वनस्पती, प्राणी, माकड व मानव अशी चढती श्रेणी मांडली आहे. पण श्रेणी म्हणजे वंशावळ नव्हे. त्यांचा मान राखण्यासाठी त्यांना डार्विन करण्याची गरज नाही.

राहिला पहिला प्रश्न, श्रद्धेचा. त्याचे उत्तर विज्ञानाच्या अध्यापकाने द्यायचे नाही, पण विद्यार्थ्याला गप्पही बसवायचे नाही. जॉर्डनच्या हाशेमाइट विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ डॉ. राना दजानी यांनी २०१५ साली आपला अनुभव लिहिला आहे. कृत्रिम पैदास, प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू, फ्लूची लस अशा विषयांपासून त्या सुरुवात करतात, आणि मान्य करा असा आग्रह न धरता पुरावा तपासायला सांगतात. मानवाखेरीज इतर जीवांची उत्क्रांती स्वीकारण्यास त्यांचे बरेच विद्यार्थी तयार होतात. परीक्षेत विचारले जाते ते समजले की नाही हे. मानता की नाही हे नव्हे.

हा प्रश्न केवळ आपल्याच समाजाचा आहे, असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे (आज छत्रपती संभाजीनगर) तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे विधान केले आणि देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रकाने त्याचे खंडन केले. २०२३ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. बारावीच्या जीवशास्त्रात प्रकरण कायम राहिले, परंतु दहावीनंतर कला किंवा वाणिज्य शाखेकडे गेलेल्या मुलाच्या वाट्याला ते येत नाही. अशा मुलांना शिकविताना महाराष्ट्र राज्य मंडळाचे २०१८ चे दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ हाताशी ठेवावे. त्यातील पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे, आणि ते मराठीत आहे.