बघ्यांच्या हातातला वेळ

'घटनास्थळी बघ्यांची मोठी गर्दी जमली होती.' वर्तमानपत्रातील हे वाक्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आग लागो, अपघात होवो की भर रस्त्यात एखाद्या मुलीचा हात धरला जावो, हे वाक्य जसेच्या तसे चालते. जो बघतो आणि बघण्यापलीकडे काही करीत नाही तो 'बघ्या', असा नेमका शब्द आपल्या भाषेने घडवून ठेवला आहे. प्रस्तुत लेखात मला या बघ्याविषयी, आणि विशेषतः रात्रीच्या बघ्याविषयी, लिहावयाचे आहे.

गरब्याचे मैदान, एकतीस डिसेंबरची रात्र, बार, ऑर्केस्ट्रा, शेवटची लोकल किंवा शेवटची एस.टी. अशा ठिकाणी होणाऱ्या लैंगिक अत्याचाराची चर्चा आपण दोनच व्यक्तींभोवती करतो. एक तो करणारा आणि दुसरी ती सोसणारी. त्यातही पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो : इतक्या रात्री ती तिथे गेलीच कशाला? वस्तुतः रात्री बाहेर असणाऱ्यांत परिचारिका असतात, हॉटेलात काम करणाऱ्या मुली असतात आणि केवळ चार घटका आनंदासाठी आलेल्याही असतात. आनंदासाठी येणे हा काही गुन्हा नव्हे. मग जो प्रश्न आपण विचारत नाही तो विचारायला हवा : तिथे इतकी माणसे होती, ती काय करीत होती?

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास ज्या घटनेनंतर सुरू झाला ती रात्रीचीच होती. १३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्क शहरात किटी जेनोव्हीज ही २८ वर्षांची तरुणी बारमधील आपले काम आटोपून पहाटे तीनच्या सुमारास घरी परतत होती. घराजवळच तिच्यावर चाकूने हल्ला झाला. नंतर बलात्कारही झाला, आणि तिचा मृत्यू झाला. अडतीस शेजाऱ्यांनी हे पाहिले, पण एकानेही वेळेवर पोलिसांना कळवले नाही, असे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापले आणि जगभर खळबळ उडाली.

त्यानंतर बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले ते मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतील. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून यंत्राद्वारे एकमेकांशी बोलावयास सांगितले होते. मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला गेला. आपण एकटेच हे ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांतील ८५ टक्के विद्यार्थी झटका संपण्यापूर्वी मदत मागण्यास उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांतील मात्र केवळ ३१ टक्के. ही माणसे निर्दय नव्हती. जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते, आणि 'कोणी तरी उठेलच' असे म्हणत सारेच बसून राहतात. शिवाय प्रत्येकजण दुसऱ्याचा चेहरा पाहतो. तो स्वस्थ दिसला की काही विशेष घडत नसावे असा निष्कर्ष काढतो. आणि तो दुसराही नेमके हेच करीत असतो!

पण माणसाविषयी इतके निराश होण्याचेही कारण नाही. अडतीस साक्षीदारांची ती बातमी अतिरंजित होती असे पुढे सिद्ध झाले, आणि २०१६ साली खुद्द त्या वर्तमानपत्राने ते मान्य केले. बहुतेकांनी काही पाहिले नव्हते. फक्त अर्धवट आवाज ऐकले होते. एका शेजारणीने खाली धावत जाऊन किटीला अखेरपर्यंत धरून ठेवले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लँकेस्टर, ॲमस्टरडॅम आणि केपटाउन या तीन शहरांतील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे कॅमेऱ्यातील चित्रण तपासले गेले. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रसंगी निदान एक तरी त्रयस्थ मध्ये पडला होता, आणि माणसे जितकी जास्त तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त होती.

मग रात्रीच्या गर्दीत मुलीला त्रास होताना आपण गप्प का राहतो? मला वाटते, भांडण हे भांडण आहे हे सर्वांना दिसते; छळ मात्र थट्टेचा, नाचाचा, नाहीतर प्रेमाचा मुखवटा घालून येतो. 'त्यांचे आपसातले असेल' असे म्हणून आपण मान वळवतो. 'छेडछाड' हा आपला शब्दही असाच फसवा आहे. त्यात गुन्ह्यापेक्षा गमतीचाच वास अधिक येतो. कॅनडातील टोरांटो शहरातल्या बारमध्ये प्रत्यक्ष बसून संशोधकांनी केलेल्या निरीक्षणांचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात लैंगिक आक्रमणाचे २५८ प्रसंग नोंदलेले होते आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रसंगी पुढाकार पुरुषाचा व लक्ष्य स्त्री होती. कर्मचारी क्वचितच मध्ये पडले. इतर गिऱ्हाइके २१ टक्के प्रसंगी पडली, आणि त्यांतील काहींनी तर त्या पुरुषालाच चेव दिला! सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. पुरुष किती धीट होतो याचा संबंध त्याने किती दारू घेतली याच्याशी आढळला नाही. ती किती नशेत आहे याच्याशी आढळला. 'बिचारा प्यायला होता हो' या आपल्या समजुतीला यापेक्षा चोख उत्तर कोणते? तो भान हरपलेला नसतो. तो सावज निवडत असतो, आणि भोवतालचे लोक गप्प राहतात हेही त्याच्या हिशेबात असते.

आता आपल्याकडील घटना पाहू. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात काही मित्रमैत्रिणी जेवण करून बाहेर उभ्या होत्या. एका दारुड्याने त्यांच्यातील मुलीची छेड काढली. कीनन सांतोस आणि रूबेन फर्नांडिस या तरुणांनी त्याला अडवले. तो निघून गेला, आणि थोड्या वेळाने साथीदार व शस्त्रे घेऊन परतला. भररस्त्यात, लोकांच्या देखत, दोघांवर वार झाले. कीनन त्याच रात्री गेला. रूबेन ३१ ऑक्टोबरला. मित्रमैत्रिणींनी न्यायालयात साक्ष दिली आणि मे २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. परंतु त्या रात्री जमलेल्या गर्दीतून मदतीला कोणी आले नव्हते.

या घटनेचा बोध पुष्कळ लोक 'म्हणूनच मध्ये पडू नये' असा घेतात. मला तो उलटा वाटतो. मध्ये पडणारे दोघेच राहिले, म्हणून ते मारले गेले. आणखी एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमध्येही एका शेजाऱ्याने खिडकीतून आरडाओरडा केल्यावर मारेकरी पळाला होता, आणि काही मिनिटांनी परतला होता. दोन्हीकडे मध्ये वेळ होता. लैंगिक अत्याचार हा विजेसारखा अचानक कोसळतो असे आपण समजतो. पुष्कळदा तसे नसते. आधी टक लावून पाहणे, मग शेरा, मग धक्का, मग वाट अडवणे अशा पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांमधला हा वेळ बघ्यांच्या हातातला असतो, आणि तो वापरण्यास छातीचा कोट करावा लागत नाही.

तो कसा वापरावा याच्या पाच रीती या विषयात काम करणाऱ्या संस्था शिकवतात. पहिली, लक्ष वळवणे : 'अगं, तू इथे होय? सगळे तुला शोधताहेत!' असे म्हणून तिच्याशेजारी जाऊन उभे राहावे. ओळख असलीच पाहिजे असे नाही. दुसरी, इतरांना सामील करणे. त्यातही 'कोणीतरी पोलिसांना बोलवा' असे न म्हणता 'निळा सदरावाले काका, तुम्ही ११२ लावा' असे एकाच माणसाला सांगावे, म्हणजे जबाबदारी वाटली जात नाही. तिसरी, नोंद ठेवणे. चौथी, नंतर तिची विचारपूस करून घरापर्यंत सोबत विचारणे. थेट जाब विचारणे ही पाचवी, आणि ती शक्यतो एकट्याने करू नये. नोंदीबाबत एक सावधगिरी हवी. ९ जुलै २०१२ च्या रात्री गुवाहाटीत एका बारबाहेर जमाव एका मुलीची विटंबना करीत असताना कॅमेरा चालू होता. त्या चित्रणामुळे आरोपी ओळखता आले हे खरे, पण त्या वेळी तिला त्याचा काय उपयोग? मदत आधी, चित्रण नंतर. आणि ते तिच्या स्वाधीन करावे, गावभर फिरवू नये.

अर्थात सारा भार व्यक्तीवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. इंग्लंडमधील लिंकनशर परगण्यात २०१६ साली एक साधी योजना निघाली. संकटात सापडलेल्या स्त्रीने बारच्या गल्ल्यावर जाऊन 'अँजेला आहे का?' एवढेच विचारायचे. नोकरांनी खूण ओळखून तिला बाजूला न्यायचे, वाहन बोलवायचे. नोकरांना शिकवलेले नसेल तर ती भित्तिपत्रके कागदच राहतात. पण कल्पना मोलाची आहे. आपल्या दांडियाच्या आयोजकांना असे काही करणे अवघड आहे काय? कायदाही मध्ये पडणाऱ्याच्या पाठीशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३५ वे कलम दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला देते. जुन्या दंडसंहितेतही तो होताच. पण 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या अंगात इतकी मुरली आहे की तो हक्क वापरायचे आपल्या मनातच येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते. परंतु समितीचे काम बहुधा घटना घडून गेल्यावर सुरू होते. घडण्यापूर्वीचा वेळ आपल्या सर्वांच्या हातात असतो. म्हणून मला सुचवावेसे वाटते की स्नेहसंमेलनाच्या तयारीत मांडव आणि ध्वनिक्षेपक यांबरोबरच एक तास या पाच रीतींच्या सरावालाही द्यावा. प्राध्यापकांनी तो घ्यावा, मुलग्यांनी आवर्जून बसावे, आणि कार्यक्रम संपल्यावर मुली सोबतीने घरी पोहोचतील याची जबाबदारी नावानिशी वाटून घ्यावी. नावानिशी यासाठी, की 'सर्वांची' जबाबदारी कोणाचीच नसते, हे तर आपण वर पाहिलेच.